लहान मुलांचा सुरक्षित डिजिटल माध्यमवापर : जकेकूरवाडीच्या भोंग्याच्या निमित्ताने एक विवेचन

सारांश

करोनाकाळात शिक्षणाचे साधन म्हणून घराघरांत पोहोचलेला मोबाईल शाळा पुन्हा सुरू झाल्यानंतरही लहान मुलांच्या हातातून खाली उतरला नाही. या प्रश्नावर २०२२ मध्ये महाराष्ट्रातील काही गावांनी आपापल्या परीने उत्तरे शोधली. धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) जिल्ह्यातील जकेकूरवाडी हे त्यांपैकी एक गाव होय. प्रस्तुत लेखात या गावाच्या प्रयोगाची सांगली व यवतमाळ जिल्ह्यांतील दोन गावांच्या निर्णयांशी तुलना केली आहे. त्या आधारे लहान मुलांच्या डिजिटल माध्यमवापरातील धोके, त्यांची कारणे आणि पालक, शिक्षक व महाविद्यालये यांनी करावयाचे उपाय यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : डिजिटल माध्यमे, बालसुरक्षा, पालकत्व, ग्रामसभा, ऊसतोड स्थलांतर, माध्यमसाक्षरता.

१. प्रस्तावना

मार्च २०२० मध्ये शाळांची दारे बंद झाली आणि 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या घोषवाक्यासह महाराष्ट्रातील शिक्षण पडद्यावर आले. ज्या घरात तोपर्यंत साधा फोन होता त्या घरानेही उसनवारी करून स्मार्टफोन घेतला. 'असर' या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतातील शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी २०१८ मध्ये ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२२ मध्ये हेच प्रमाण ७४.८ टक्के झाले. चार वर्षांत झालेली ही दुप्पट वाढ मुख्यतः मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून झाली, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. पालकांनी मुलाच्या हाती मोबाईल दिला तो लाडाने नव्हे, तर शाळेने सांगितले म्हणून दिला.

शाळा पुन्हा भरू लागल्या तेव्हा मात्र चित्र पालटलेले होते. शाळेपूर्वी मोबाईल, शाळेनंतर मोबाईल, जेवताना मोबाईल आणि झोपतानाही मोबाईल अशी अनेक घरांची दिनचर्या बनली. वाचन-लेखनाचा कंटाळा, चिडचिड, उशिरा झोपणे या तक्रारी शिक्षकांकडून व पालकांकडून सातत्याने ऐकू येऊ लागल्या. आपणा प्राध्यापकांची घरेही यास अपवाद नाहीत. प्रस्तुत लेखिकेच्या घरी चार वर्षांच्या मुलाला मोबाईल दाखविल्याशिवाय घास भरविता येत नसे, हे येथे प्रांजळपणे नमूद करणे योग्य ठरेल. ज्या विषयावर आपण इतरांना उपदेश करतो तो विषय आधी आपल्या ताटाशी येऊन बसलेला असतो.

२. लेखाची उद्दिष्टे

१) जकेकूरवाडी व अन्य गावांच्या सामूहिक निर्णयांचे स्वरूप समजून घेणे.
२) लहान मुलांच्या डिजिटल माध्यमवापरातील धोक्यांचे वर्गीकरण करणे.
३) ग्रामीण, विशेषतः ऊसतोड कामगारांच्या कुटुंबांतील परिस्थितीचा या प्रश्नाशी असलेला संबंध स्पष्ट करणे.
४) पालक, शिक्षक व महाविद्यालये यांच्यासाठी व्यवहार्य उपाय सुचविणे.

३. व्याप्ती व मर्यादा

प्रस्तुत लेखात 'लहान मुले' ही संज्ञा साधारणपणे ३ ते १० वर्षे या वयोगटासाठी वापरली आहे. 'डिजिटल माध्यमे' या संज्ञेत मोबाईल, टॅब, इंटरनेटजोडणी असलेला दूरचित्रवाणी संच आणि त्यांवरील चित्रफिती, खेळ व संवादसेवा यांचा समावेश केला आहे. लेखाचे स्वरूप विवेचनात्मक आहे. तो सार्वजनिकरीत्या उपलब्ध माहितीवर व अल्प प्रमाणात प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारित असल्याने त्यातून संख्यात्मक निष्कर्ष काढण्याचा हेतू नाही.

४. तीन गावे, तीन निर्णय

४.१ मोहित्यांचे वडगाव (जि. सांगली)

कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव हे सुमारे ३ हजार लोकवस्तीचे गाव. १४ ऑगस्ट २०२२ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या पूर्वसंध्येला, गावातील महिलांच्या सभेत भोंगा बसविण्याचा निर्णय झाला. सरपंच विजय मोहिते यांनी या उपक्रमात पुढाकार घेतला. रोज सायंकाळी ७ वाजता मंदिरावरील भोंगा वाजताच घरोघरचे टीव्ही व मोबाईल बंद करावयाचे आणि ८.३० वाजेपर्यंत मुलांनी अभ्यास, तर मोठ्यांनी वाचन वा परस्परांशी संवाद करावयाचा, असे ठरले. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी व निवृत्त शिक्षक यांनी घरोघरी जाऊन या निर्णयामागील भूमिका समजावून सांगितली.

४.२ जकेकूरवाडी (जि. धाराशिव)

सांगली जिल्ह्यातील या प्रयोगाची वार्ता सर्वत्र पसरल्यानंतर त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यातील उमरगा तालुक्यातील जकेकूरवाडी या लहानशा गावाने तसाच निर्णय घेतला. येथे वेळ सायंकाळी ६ ते ८ अशी ठेवण्यात आली. भोंगा वाजला की टीव्ही व मोबाईल बंद आणि मुले अभ्यासाला, असा हा क्रम होता. जिल्ह्याचे नाव त्यावेळी उस्मानाबाद होते, ते २०२३ मध्ये धाराशिव झाले. आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत समाविष्ट असलेल्या आणि २०११ च्या जनगणनेनुसार ७८.४४ टक्के साक्षरता असलेल्या या जिल्ह्यातील एका छोट्या गावाने मुलांच्या अभ्यासासाठी आपली सायंकाळ बदलावी, ही बाब उल्लेखनीय आहे.

४.३ बान्सी (जि. यवतमाळ)

पुसद तालुक्यातील बान्सी या गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून १८ वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्यास बंदी घातली व उल्लंघन करणाऱ्यास दंडाची तरतूद केली. गेम व अनुचित संकेतस्थळे यांच्या आहारी मुले जात असल्याची चिंता या ठरावामागे होती.

४.४ तुलनात्मक विचार

वरवर पाहता हे तिन्ही निर्णय एकाच जातीचे वाटतात. तथापि त्यांत एक मूलभूत भेद आहे. बान्सीच्या ठरावात नियम मुलांसाठी आहे व पाळत मोठ्यांनी ठेवावयाची आहे. मोहित्यांचे वडगाव व जकेकूरवाडी येथे मात्र भोंगा लहानथोर सर्वांसाठी वाजतो. मालिका पाहणारी आजी, समाजमाध्यमांवर रमलेले वडील आणि खेळ खेळणारे मूल हे तिघेही त्या दीड-दोन तासांत समान पातळीवर येतात. लहान मूल ऐकून फारसे शिकत नाही, पाहून शिकते. स्वतः मोबाईलवरील नजर न हटविता 'मोबाईल ठेव' असे सांगणाऱ्या पालकाच्या शब्दाला मूल किती किंमत देईल, याचा अनुभव प्रत्येक घराला आहे. भोंग्याचे खरे सामर्थ्य या समानतेत आहे.

दुसरा लाभ सामाजिक स्वरूपाचा आहे. एकट्या घराने टीव्ही बंद केला तर शेजारच्या घरातील आवाज मुलाला ओढून नेतो. 'सगळ्यांच्या घरी चालते, आपल्याच घरी का नाही?' या प्रश्नाला एकट्या पालकाजवळ उत्तर नसते. सारे गाव एकाच वेळी थांबते तेव्हा हा प्रश्नच उरत नाही.

असे असले तरी भोंग्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. तो दिवसातील दीड-दोन तासांपुरता बोलतो. उरलेल्या वेळेत मूल काय पाहते, कोणासोबत पाहते, पलीकडून त्याच्याशी कोण बोलते याविषयी भोंगा मौन बाळगतो. काळाचे नियमन ही सुरक्षिततेची पहिली पायरी आहे. तीच अखेरची पायरी मानल्यास फसगत होण्याचा संभव आहे.

५. धोक्यांचे स्वरूप

सोनिया लिव्हिंगस्टन व मारिया स्टॉइलोवा या संशोधकांनी २०२१ मध्ये मुलांसमोरील ऑनलाइन धोक्यांचे चार प्रकार मांडले आहेत : आशय, संपर्क, वर्तन आणि करार. हे वर्गीकरण आपल्या परिस्थितीस लावून पाहणे उद्बोधक ठरते.

अ) आशयाचा धोका : मूल बालगीत पाहावयास बसते, एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू होते. पुढची चित्रफीत कोणती हे यंत्रणा ठरविते आणि तिचा निकष मुलाचे हित हा नसून मूल पडद्यासमोर किती वेळ थांबेल हा असतो. त्यामुळे बालगीतापासून आरंभ होऊन अर्ध्या तासात हिंसक किंवा भीतिदायक दृश्यांपर्यंत प्रवास होऊ शकतो. स्वयंपाकात गुंतलेल्या आईला आवाज गाण्याचा ऐकू येत असतो, म्हणून ती निश्चिंत असते.

आ) संपर्काचा धोका : खेळांतील गप्पांच्या सोयीतून अनोळखी व्यक्ती मुलापर्यंत पोहोचू शकते. ती व्यक्ती प्रथम मैत्री करते, मग गुपित राखावयास सांगते आणि नंतर छायाचित्राची मागणी करते. 'घरी सांगू नकोस' हे वाक्य या साऱ्या व्यवहाराची खूण होय.

इ) वर्तनाचा धोका : मूल स्वतःही दुसऱ्यास इजा पोहोचवू शकते. वर्गमित्राची टिंगल करणारी चित्रफीत वर्गाच्या गटात पाठविणे हे त्याचे साधे उदाहरण. मोठी माणसे मुलांची छायाचित्रे, शाळेचे नाव व गणवेशासह, विचार न करता सर्वत्र प्रसृत करतात. त्यांचेही वर्तन याच सदरात मोडते.

ई) कराराचा धोका : 'विनामूल्य' म्हणून उघडलेला खेळ पुढील टप्प्यासाठी पैसे मागतो. आईच्या मोबाईलवर यूपीआय सुरू असते आणि तिचा पिन मुलाला पाठ असतो. पैशांइतकीच मुलाविषयीची माहितीही या व्यवहारात खर्ची पडते. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र शासनाने २०२५ च्या कायद्याने बंदी घातली असली तरी खेळातील वस्तूंच्या खरेदीचा प्रश्न स्वतंत्रपणे शिल्लक राहतो.

या चारही धोक्यांखेरीज शरीर व मनाच्या वाढीशी निगडित प्रश्न आहेत. लहान मूल भाषा शिकते ती देवाणघेवाणीतून. ते बोबडे बोलते, समोरचा माणूस उत्तर देतो, मूल पुन्हा बोलते. पडदा बोलतो, परंतु ऐकत नाही. म्हणूनच अगदी लहान वयात चित्रफितीतून होणारे शिक्षण प्रत्यक्ष माणसाकडून होणाऱ्या शिक्षणापेक्षा कमी पडते. रात्री उशिरापर्यंत पडदा पाहिल्याने झोप लांबते. मैदानावरील वेळ घटल्याने शारीरिक हालचाल कमी होते. घराबाहेर, उजेडात जाणारा वेळ कमी होणे हे दूरचे अंधुक दिसण्याच्या वाढत्या तक्रारींमागील एक महत्त्वाचे कारण मानले जाते.

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील बालकांना पडदा दाखवू नये. २ ते ४ वर्षे वयात ही मर्यादा दिवसाला जास्तीत जास्त एक तास असावी आणि त्याहूनही कमी असल्यास उत्तम. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचेही मत असेच असून दोन वर्षांखालील बालकांसाठी आप्तांशी होणारा व्हिडिओ संवाद एवढाच अपवाद ती मान्य करते. हा अपवाद आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे.

६. ऊसतोड कुटुंबे आणि भोंग्याची वेळ

दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोचा 'कोयता' टोळीसोबत पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातो आणि हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलच्या सुमारास, गावी परततो. धाराशिव जिल्ह्याच्या वाशी, भूम, कळंब या भागांस हे चित्र अपरिचित नाही. मुले सोबत नेल्यास त्यांची शाळा बुडते, म्हणून काही मुले हंगामी वसतिगृहाच्या आधाराने, तर बरीचशी मुले आजी-आजोबांजवळ गावी राहतात.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या विशेष शिबिरानिमित्त जिल्ह्यातील एका गावी सात दिवस मुक्काम असताना प्रस्तुत लेखिकेने विद्यार्थिनींसह घरोघरी 'सायंकाळी मोबाईल बंद' या विषयावर प्रबोधन केले. जकेकूरवाडीचे उदाहरण सांगून झाल्यावर एक आजीबाई म्हणाल्या, "बाई, तुमचं खरं हाय. पण ह्या पोरीची माय संध्याकाळीच फोन करती. दिसभर ती फडात असती. त्याच टायमाला बंद करा म्हणल्यावर पोरगी माईशी बोलंल कवा?" सहा-सात वर्षांची ती मुलगी मोबाईल छातीशी धरून ओट्यावर बसली होती. आम्ही जवळ नेलेल्या घोषणापत्रकात या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

या प्रसंगाने विषयाची दुसरी बाजू दृष्टीस आणून दिली. त्या मुलीच्या हातातील मोबाईल हा एकाच वेळी तिचा धोका आणि तिचा आधार आहे. आजीला अक्षरओळख नाही. मोबाईलमध्ये काय चालू आहे हे तिला नातच समजावून सांगते. म्हणजे ज्या घरात देखरेखीची सर्वाधिक गरज आहे त्याच घरात देखरेख करणारी व्यक्ती तंत्रदृष्ट्या मुलावर अवलंबून आहे. पालकत्वावरील बहुतेक मार्गदर्शन शहरी, सुशिक्षित आणि सायंकाळी घरी असलेल्या पालकास गृहीत धरून लिहिलेले असते. आपल्या जिल्ह्यात ते जसेच्या तसे लागू पडत नाही.

याचा अर्थ भोंगा निरुपयोगी आहे असा नव्हे. आई-वडिलांचा फोन येण्याची वेळ भोंग्याच्या नियमातून वगळणे, हा साधा मार्ग गावाला सुचू शकतो. त्यासाठी नियम करताना ती आजी सभेत हजर असली पाहिजे आणि तिचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे, एवढेच.

७. कायद्याचे संरक्षण आणि त्यातील पळवाट

माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० मधील कलम ६७ ब नुसार बालकांचे लैंगिक चित्रण प्रसिद्ध करणे, पाठविणे वा पाहणे हा गुन्हा आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम २०१२, म्हणजेच पोक्सो, याच्या कलम १९ नुसार अशा अपराधाची माहिती असणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे आणि न कळविणे हाही दंडनीय अपराध आहे. शिक्षकांनी ही तरतूद विशेषत्वाने लक्षात ठेवली पाहिजे. 'शाळेची बदनामी नको' हे मौनाचे समर्थन कायद्याला मान्य नाही.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक मानली आहे. तिच्या माहितीवर प्रक्रिया करण्यापूर्वी पालकाची पडताळणीयोग्य संमती घेणे आवश्यक असून मुलांचा माग काढणे व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखविणे यांस मनाई आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. ऑस्ट्रेलियाने त्याहून पुढे जाऊन १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास प्रतिबंध केला आहे.

तथापि या सर्व तरतुदींत आपल्या घरांच्या दृष्टीने एक मोठी पळवाट राहते. आपल्याकडे लहान मुलाचा स्वतंत्र मोबाईल क्वचितच असतो. ते आईच्या किंवा काकांच्या मोबाईलवर, त्यांच्याच खात्यातून सारे काही पाहते. यंत्रणेच्या दृष्टीने मोबाईल हाताळणारी व्यक्ती तीस वर्षांची प्रौढ असते; प्रत्यक्षात ती सहा वर्षांची असते. मुलांसाठी केलेले संरक्षण अशा वेळी लागू होऊच शकत नाही, कारण तेथे मूल आहे हे कोणी सांगितलेलेच नसते. म्हणूनच मुलासाठी वेगळे खाते करणे या किरकोळ वाटणाऱ्या कृतीला सुरक्षिततेच्या दृष्टीने मोठे महत्त्व आहे.

८. उपाययोजना

दूरचित्रवाणीच्या काळापासून पालकांच्या भूमिकेचे तीन प्रकार अभ्यासकांनी मानले आहेत : नियम घालणे, समजावून सांगणे आणि सोबत बसून पाहणे. पहिल्या प्रकारास भोंगा पुरेसा आहे. उरलेल्या दोहोंसाठी माणूस लागतो.

८.१ घरासाठी

१) मुलासाठी मोबाईलमध्ये मुलांचे खाते तयार करावे. गुगलच्या 'फॅमिली लिंक'सारख्या सोयीतून वेळेची मर्यादा घालता येते व नवे ॲप घेण्यापूर्वी पालकाची परवानगी आवश्यक करता येते. बालगीते व गोष्टींसाठी 'यूट्यूब किड्स' वापरावे. तेही पूर्णतः निर्धोक नाही, मात्र मोकळ्या यूट्यूबपेक्षा बरे.
२) चित्रफीत आपोआप पुढे जाण्याची सोय बंद करावी. 'एक गोष्ट संपली की मोबाईल थांबतो' हे मुलाला उमजू लागते आणि थांबण्याचा वाद निम्मा होतो.
३) मोबाईल मुलाच्या हाती देताना ॲप पिन करण्याची सोय वापरावी, म्हणजे मूल त्या ॲपबाहेर जाऊ शकत नाही. यूपीआयचा पिन मुलासमोर टाकू नये.
४) जेवणाचे ताट आणि झोपण्याची जागा या दोन ठिकाणी मोबाईल असू नये. हा नियम मोठ्यांनाही लागू असावा.
५) दिवसातून निदान एकदा मुलासोबत बसून पाहावे व विचारावे : हे खरे आहे का? असे कोणी का केले असेल? तू असतास तर काय केले असतेस? या प्रश्नांना तंत्रज्ञान लागत नाही, अक्षरओळखही लागत नाही. निरक्षर आजीसुद्धा ते उत्तम विचारू शकते.
६) मुलाला चार गोष्टी पाठ असाव्यात : नाव, पत्ता, शाळा अनोळखी व्यक्तीला सांगावयाची नाही, फोटो पाठवावयाचा नाही, 'घरी सांगू नको' म्हणणाऱ्याची गोष्ट घरी सर्वप्रथम सांगावयाची, काही भीतिदायक दिसले तर मोबाईल उलटा ठेवून मोठ्यांना हाक मारावयाची.
७) मुलाने अशी गोष्ट सांगितल्यास त्यावर रागावू नये व शिक्षा म्हणून मोबाईल काढून घेऊ नये. सांगण्याची शिक्षा मिळते असे एकदा मुलाच्या मनात ठसले की पुढच्या वेळी ते गप्प राहते, आणि धोका नेमका त्या मौनात वाढतो.

संकटसमयी बालकांसाठी १०९८ आणि सायबर फसवणुकीसाठी १९३० हे मदत क्रमांक घरातील भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावेत. आक्षेपार्ह संदेश भीतीपोटी तत्काळ पुसून न टाकता पुरावा म्हणून तसेच ठेवून पोलिसांना दाखवावेत. ते अन्य कोणासही पुढे पाठवू नयेत.

८.२ शाळा व अंगणवाडीसाठी

डिजिटल साधनाचा चांगला वापर कसा असतो याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. तेथे पडदा हा पुस्तकाकडे व शिक्षकाकडे नेणारा मार्ग होता. शाळांनी गृहपाठ मोबाईलवर पाठवावयाचाच असेल तर त्यासोबत अपेक्षित वेळ लिहावी आणि रात्री आठनंतर संदेश पाठवू नयेत. 'शाळेचा अभ्यास आहे' हे मुलाच्या हाती असलेले सर्वांत प्रभावी कारण आहे. ते शाळेनेच मर्यादित केले पाहिजे.

८.३ महाविद्यालयांसाठी

हा विषय बालवाडीचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न काही प्राध्यापक बंधुभगिनींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्या वर्गात बसणारे विद्यार्थी बहुसंख्येने शिक्षणाची पहिली पिढी आहेत. घरात मोबाईलची जाण असलेली एकमेव व्यक्ती अनेकदा तेच असतात. धाकट्या भावंडाला खेळ उतरवून देणारा, आजीच्या फोनमध्ये खाते उघडून देणारा हात आपल्या विद्यार्थ्याचाच असतो.

तथापि या थोरल्या भावंडांची तयारी पुरेशी आहे असे मानता येत नाही. 'असर' २०२४ नुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. सर्वेक्षणापूर्वीच्या आठवड्यात त्यांपैकी ५७ टक्के मुलांनी तो शैक्षणिक कामासाठी, तर सुमारे ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी वापरला होता. समाजमाध्यमे वापरणाऱ्या या मुलांपैकी एखादे खाते कसे रोखावे किंवा त्याविरुद्ध तक्रार कशी करावी हे ठाऊक असलेली मुले सुमारे ६२ टक्केच होती. ही मुले आता आपल्या कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालयांत येत आहेत. यास्तव पुढील उपाय सुचवावेसे वाटतात :

१) राष्ट्रीय सेवा योजनेच्या विशेष शिबिरात एक दिवस 'घरोघरी सुरक्षित मोबाईल' यासाठी राखावा. भाषणाऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याने पाच घरांतील मोबाईलमध्ये मुलांचे खाते, वेळमर्यादा व ॲप पिन या सोयी घरच्यांच्या संमतीने प्रत्यक्ष सुरू करून द्याव्यात.
२) ऊसतोड हंगाम सुरू होण्यापूर्वी, म्हणजे दसऱ्याच्या आत, स्थलांतरित होणाऱ्या कुटुंबांसाठी हे काम प्राधान्याने करावे. आई-वडिलांच्या फोनची वेळ व मुलाच्या अभ्यासाची वेळ कुटुंबासोबत बसून ठरवावी.
३) मराठी विभागाने स्थानिक गोष्टी, उखाणे, कोडी यांचे ध्वनिमुद्रण करून ते इंटरनेटशिवाय ऐकता येईल अशा रूपात अंगणवाड्यांना द्यावे. मुलाकडून एक गोष्ट काढून घेताना दुसरी हाती द्यावी लागते.
४) समाजशास्त्र व शिक्षणशास्त्र विभागांनी जकेकूरवाडीसारख्या प्रयोगांचा काही काळानंतरचा परिणाम अभ्यासावा. गावाचा निर्णय वार्ता बनतो त्या दिवसापेक्षा तो पुढे का टिकतो वा का टिकत नाही, हे जाणणे अधिक मोलाचे आहे.

९. निष्कर्ष

१) मोहित्यांचे वडगाव व जकेकूरवाडी यांच्या प्रयोगांचे सामर्थ्य नियम सर्वांसाठी समान असण्यात आहे, केवळ मुलांवर लादलेल्या बंदीपेक्षा हा मार्ग मुलांना पटण्याची शक्यता अधिक आहे.
२) वेळेचे नियमन आवश्यक असले तरी अपुरे आहे. आशय, संपर्क, वर्तन व करार हे चारही धोके उरलेल्या वेळेत कायम राहतात.
३) मोठ्यांच्या खात्यातून होणारा वापर ही कायदेशीर संरक्षणातील सर्वांत मोठी उणीव असून ती घरातच दूर करता येण्याजोगी आहे.
४) स्थलांतरित कुटुंबांतील मुलांसाठी मोबाईल हा नात्याचा दुवा आहे. कोणताही नियम करताना हा दुवा तुटणार नाही याची दक्षता घेतली पाहिजे.
५) तांत्रिक उपायांइतकेच मुलाने निर्भयपणे सांगावे असे घरातील वातावरण महत्त्वाचे आहे.

१०. समारोप

त्या शिबिराच्या अखेरच्या दिवशी आमच्या एका विद्यार्थिनीने आजीबाईंच्या मोबाईलमध्ये नातीसाठी वेगळे खाते करून दिले आणि आईच्या क्रमांकाला आईचेच छायाचित्र लावले. आता कोणाचा फोन आला हे आजीला अक्षर न वाचता समजते. अनोळखी क्रमांक असेल तर ती उचलत नाही. कामाला जेमतेम वीस मिनिटे लागली. सात दिवसांच्या प्रबोधनात आम्ही दिलेल्या घोषणांपैकी किती त्या गावात उरल्या असतील हे सांगता येणार नाही. ती वीस मिनिटे मात्र त्या घरात उपयोगी पडत असतील, असे वाटते.

लहान मुलांपासून मोबाईल कायमचा दूर ठेवणे आता शक्य नाही आणि सर्वांसाठी ते इष्टही नाही. तो हाती असताना मूल एकटे नसावे, एवढे मात्र आपल्या हाती आहे. जकेकूरवाडीच्या भोंग्याने मोठ्यांना मुलांजवळ आणून बसविले. बसल्यानंतर काय बोलावे व काय करावे, हे शिकविण्याच्या कामी जिल्ह्यातील महाविद्यालयांनी पुढे यावे, ही अपेक्षा व्यक्त करून प्रस्तुत विवेचन येथे पूर्ण करते.